चार्जिंग पोर्टमध्ये टाचणी घालू नका

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पुरवणीत ‘फोन चार्ज होत नसेल तर’ या विषयावर नुकताच जो मजकूर प्रसिद्ध झाला, त्यासंबंधी हे पत्र लिहीत आहे. विषय महत्त्वाचा आहे आणि तो घेतल्याबद्दल मी आपला आभारी आहे. परंतु त्यातील तीन सल्ले असे आहेत की ते पाळल्यास किरकोळ तक्रार असलेला फोन कायमचा नादुरुस्त होऊ शकतो. चार्जिंग पोर्ट टाचणीने कोरून साफ करावा, फोन ओला झाल्यास तो हेअर ड्रायरने वाळवून तांदळात पुरून ठेवावा, आणि एवढे करूनही चार्जिंग सुरू झाले नाही तर बॅटरी बदलून घ्यावी, असे ते सल्ले आहेत. मी मोबाइल दुरुस्तीचे काम करतो आणि या सल्ल्यांचे परिणाम माझ्या टेबलावर येतात. या तिन्ही मुद्द्यांबाबत आपण दुरुस्ती छापावी, अशी माझी विनंती आहे. मात्र चूक दाखवून थांबणे वाचकांच्या उपयोगाचे नाही. त्याऐवजी काय करावे, हेही सांगितले पाहिजे, आणि त्यामुळे हे पत्र नेहमीपेक्षा लांबले आहे.

फोन घेऊन येणारी व्यक्ती बहुधा ‘चार्ज होत नाही’ एवढेच सांगते. परंतु या तीन शब्दांत चार निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात. कधी फोन चार्जिंगला लावल्यावर काहीच होत नाही. ना आवाज, ना बॅटरीचे चिन्ह. कधी चिन्ह दिसते, पण टक्के वाढत नाहीत किंवा उलट कमी होत जातात. कधी चिन्ह येते आणि जाते, केबल विशिष्ट कोनात धरली तरच टिकते. आणि कधी चार्जिंग व्यवस्थित सुरू होते, पण एका ठरावीक टक्क्याला येऊन थांबते. या चार तक्रारींची कारणे वेगळी आहेत, त्यामुळे त्यांवर एकच उपाय लागू पडत नाही. कोणतीही वस्तू हातात घेण्यापूर्वी किंवा विकत आणण्यापूर्वी आपली तक्रार यांपैकी कोणती आहे हे दोन मिनिटे शांतपणे पाहिले, तर निम्मे निदान तिथेच होते. आणि फोनमध्ये अजून थोडे चार्जिंग शिल्लक असेल, तर इतर सर्व खटपटींच्या आधी त्या शिल्लक चार्जिंगवर आपली छायाचित्रे, संपर्क आणि महत्त्वाचे दस्तऐवज दुसरीकडे सुरक्षित करून घ्यावेत. फोन एकदा पूर्ण बंद पडला की हे काम करता येत नाही, आणि लोकांना खरे दुःख फोनपेक्षा त्यातील मजकूर गमावल्याचे होते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

पहिल्या तक्रारीपासून, म्हणजे काहीच होत नसल्यापासून सुरुवात करतो. विजेचा प्रवाह भिंतीतील सॉकेटमधून ॲडॉप्टरमध्ये, तेथून केबलमध्ये, केबलमधून पोर्टमध्ये आणि पोर्टमधून फोनच्या आतील चार्जिंगच्या आयसीमार्फत, म्हणजे प्रवाहावर नियंत्रण ठेवणाऱ्या चिपमार्फत, बॅटरीपर्यंत जातो. तपासणीही याच क्रमाने, बाहेरून आत, करावी आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. सॉकेट, ॲडॉप्टर आणि केबल एकदम बदलले आणि फोन चार्ज होऊ लागला, तर त्यांतील नेमके सदोष काय होते हे कळतच नाही, आणि तीच सदोष वस्तू पुन्हा घरात वापरली जाते. बदलून लावलेली वस्तू चालू असल्याची खात्रीही आधी दुसऱ्या फोनवर करून घेतलेली असावी. याची उलट चाचणीही तितकीच उपयोगी आहे: ज्या ॲडॉप्टरने आणि केबलने आपला फोन चार्ज होत नाही, त्यांनी दुसरा फोन चार्ज होतो का? होत असेल, तर दोष आपल्या फोनकडे सरकतो; होत नसेल, तर फोन उघडण्याचा विचारही करू नये.

या साखळीत सर्वांत आधी हार मानते ती केबल. तिच्या आत बारीक तांब्याच्या तारा असतात आणि प्लगच्या अगदी मागे, जिथे केबल वारंवार वाकते, तिथे त्या एकेक करून तुटतात. बाहेरचे आवरण अखंड दिसते, त्यामुळे संशय येत नाही. काही तारा शिल्लक असतील, तर केबल थोडा प्रवाह वाहून नेते आणि चिन्हही दिसते, पण तिच्यातून जाणाऱ्या विजेला होणारा रोध वाढलेला असल्यामुळे फोनपर्यंत पुरेसा व्होल्टेज पोहोचत नाही. प्लगच्या धातूवर काळा डाग, हिरवट थर किंवा वितळल्याची खूण दिसल्यास ती केबल पुसून वापरू नये, टाकून द्यावी. अशी केबल चांगल्या पोर्टचेही संपर्क खराब करते.

टाइप-सीच्या बाबतीत थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण आपल्या मजकुरात त्याचा उल्लेख नव्हता आणि आता बहुतेक फोनना हाच पोर्ट असतो. त्याचे तपशील २०१४ मध्ये निश्चित झाले, आयफोनने तो २०२३ मध्ये स्वीकारला आणि युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना तो सक्तीचा आहे. आकार एकच झाल्यामुळे कोणताही चार्जर कोणत्याही फोनला चालतो, असा समज पसरला आहे. प्रत्यक्षात दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलमध्ये चार्जर लगेच वीज सोडत नाही. प्लगमधील एका विशिष्ट संपर्कावरून तो आधी पलीकडे फोन आहे की नाही हे तपासतो. फोनच्या बाजूला ५.१ किलोओहमचा रोध असतो; तो जाणवला की मगच ५ व्होल्टचा पुरवठा सुरू होतो, आणि त्यानंतर दोघांमध्ये बोलणी होऊन गरजेप्रमाणे व्होल्टेज वाढवला जातो. तो एक संपर्क मळलेला किंवा गंजलेला असेल, तर बाकी सर्व ठीक असूनही चार्जर गप्प राहतो. जुन्या पद्धतीच्या चौकोनी यूएसबी तोंडाच्या चार्जरवर मात्र ५ व्होल्ट कायम उपलब्ध असतात, त्यामुळे तोच फोन त्या चार्जरवर सावकाश का होईना, अनेकदा चार्ज होतो.

यातून घरच्या घरी करता येण्याजोग्या दोन चाचण्या मिळतात आणि त्यांना काही खर्च नाही. पहिली: टाइप-सी प्लग काढून, उलटा करून पुन्हा घालावा. हा प्लग दोन्ही बाजूंनी बसतो, पण प्रत्येक बाजूने बसवल्यावर फोनमधील वेगळे संपर्क वापरले जातात. एका बाजूने चार्ज होतो आणि दुसऱ्या बाजूने होत नाही असे आढळले, तर दोष पोर्टच्या किंवा प्लगच्या एका रांगेत आहे. दुसऱ्या केबलने हीच चाचणी केली की तो कशात आहे ते स्पष्ट होते. दुसरी: दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलवर काहीच होत नसेल, तर चौकोनी तोंडाच्या जुन्या चार्जरवर लावून पाहावे. तिथे हळू चार्जिंग सुरू झाले, तर बॅटरी ठीक आहे आणि संशय पोर्टच्या संपर्कावर घ्यायचा, एवढे निश्चित कळते. पॉवर बँकेबाबत एक जास्तीची गोष्ट लक्षात ठेवावी. टाइप-सीमध्ये वीज दोन्ही दिशांनी जाऊ शकते, त्यामुळे क्वचित फोनच पॉवर बँकेला चार्ज करू लागतो. अशा वेळी फोनवरील यूएसबीच्या सूचनेत जाऊन दिशा बदलता येते.

आता पोर्टच्या सफाईकडे येतो, कारण या पत्राचे मुख्य कारण तेच आहे. फोन खिशात किंवा पिशवीत असताना कपड्याचे तंतू आणि धूळ पोर्टमध्ये शिरतात. दर वेळी प्लग आत ढकलताना ते तळाशी दाबले जातात आणि काही महिन्यांत तिथे गादीतल्या जुन्या कापसासारखा घट्ट थर तयार होतो. तो वरून सहसा दिसत नाही. पोर्टच्या तळाचाच रंग तसा आहे असे वाटते. परंतु त्याची लक्षणे ठळक आहेत. प्लग पूर्वीइतका खोल जात नाही, त्याच्या धातूची एक कड बाहेर राहते, बसल्याची ‘टक’ अशी जाणीव होत नाही आणि केबल हलकेच ओढली तरी निघून येते. वर सांगितलेली तिसरी तक्रार, म्हणजे केबल विशिष्ट कोनात धरली तरच चार्जिंग होणे, ही बहुतेक वेळा याच थरामुळे असते. पोर्ट सैल झाला आहे, तो बदलावा लागेल, असे अशा फोनबाबत सांगितले जाते. पण थर काढल्यावर तोच पोर्ट घट्ट होतो. टाइप-सी पोर्ट १०,००० वेळा प्लग घालण्या-काढण्यासाठी बनवलेला असतो. दिवसातून दोनदा चार्ज केले, तरी हा आकडा गाठायला तेरा वर्षांहून अधिक काळ लागेल. म्हणून दोन वर्षांच्या फोनमध्ये सैलपणा जाणवला, तर पोर्ट झिजला असे समजण्याआधी तो भरला आहे का हे पाहावे.

सफाई अशी करावी. केबल काढावी आणि फोन पूर्ण बंद करावा. चांगल्या प्रकाशात, शक्य असल्यास भिंगाखाली, पोर्ट पाहावा. लाकडी किंवा प्लास्टिकची दात कोरायची काडी घेऊन तिचे टोक चपटे व बारीक करावे. ही काडी पोर्टच्या रुंदीतील टोकाच्या बाजूने आत न्यावी आणि थर तळापासून सैल करून बाहेर ओढावा. आत ढकलू नये आणि पोर्टच्या मधोमध असलेल्या पातळ पट्टीवर, म्हणजे जिभेवर, जोर देऊ नये. फोनचे तोंड खाली धरले की सुटलेला कचरा बाहेर पडतो. तोंडाने फुंकर मारण्याची सवय अनेकांना आहे, पण श्वासात बाष्प असते आणि ते थेट संपर्कांवर बसते, म्हणून ती टाळावी. काडी ओली करू नये, त्यावर तेल, थुंकी किंवा घरगुती क्लीनर लावू नये. संपर्कांवर चिकट थर असेल, तर दुरुस्ती करणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश वापरतात; ते काम त्यांच्यावर सोपवणे चांगले.

टाचणी, सुई, सेफ्टी पिन, सिमकार्ड काढायची पिन यांपैकी काहीही पोर्टमध्ये का घालू नये, हे समजण्यासाठी आतली मापे पाहावीत. टाइप-सी पोर्टच्या मधोमध जी जीभ असते, तिची जाडी सुमारे ०.७ मिलिमीटर आहे. तिच्या दोन्ही बाजूंना मिळून २४ संपर्क असतात आणि शेजारच्या दोन संपर्कांच्या मध्यांतील अंतर अर्धा मिलिमीटर असते. टाचणीचे टोक यांतील दोन संपर्कांना एकाच वेळी सहज स्पर्श करते. फोन बंद केला तरी बॅटरी आत जोडलेलीच असते, हे विसरता कामा नये. तात्काळ काही झाले नाही, तरी पोलादाचे टोक संपर्कांवरचा सोन्याचा पातळ मुलामा खरवडून काढते आणि उघड्या पडलेल्या धातूवर पुढे गंज धरतो. जीभ वाकली किंवा एखादा संपर्क उखडला, तर मात्र सफाईचा प्रश्न राहत नाही, पोर्टच बदलावा लागतो. आणखी एक धोका असा, की वीज वाहून आणणारा संपर्क आणि वर सांगितलेला ओळख पटवणारा संपर्क हे एकमेकांचे शेजारी आहेत. वाकलेल्या संपर्कामुळे हे दोन जोडले गेले आणि नंतर जलद चार्जर लावला, तर त्याचा चढा व्होल्टेज अशा ठिकाणी जातो जिथे तो कधीच जायला नको, आणि मग नुकसान फोनच्या मुख्य बोर्डापर्यंत, म्हणजे मदरबोर्डपर्यंत पोहोचते.

ओल्या फोनबाबतचा सल्ला याहून अधिक घातक आहे. पोर्टमध्ये ओलावा असताना वीज सोडली की संपर्कांमध्ये विद्युत रासायनिक क्रिया सुरू होते आणि धातू झिजून हिरवा-काळा थर जमतो. पाणी खारे असेल किंवा घामाचे असेल, तर हे फार लवकर घडते. म्हणूनच आताचे बरेच फोन ओलावा जाणवताच चार्जिंग स्वतः थांबवतात आणि पडद्यावर तशी सूचना देतात. ही सूचना म्हणजे बिघाड नव्हे; फोन स्वतःला वाचवत असतो. ती बंद करून बळेच चार्जिंग सुरू करण्याचा पर्याय काही फोनमध्ये असतो, पण तो केवळ आणीबाणीसाठी आहे. पाण्यापासून संरक्षण असल्याचे सांगितलेल्या फोनलाही हेच लागू आहे, कारण ते संरक्षण पाणी आत शिरू नये यासाठी असते; ओल्या पोर्टमधून चार्जिंग करण्याची मुभा त्यात नसते.

हेअर ड्रायरच्या उष्णतेने फोनच्या कडा चिकटवणारा गोंद मऊ होतो आणि हवेच्या झोताने पोर्टमधले पाणी बाहेर येण्याऐवजी आत सरकते. तांदळाबाबत ॲपलने आपल्या सूचनांमध्ये स्पष्ट नकार दिला आहे, कारण तांदळाचे बारीक कण फोनमध्ये शिरून नुकसान करू शकतात. त्याच सूचनांमध्ये कापसाची काडी किंवा कागद पोर्टमध्ये घालण्यालाही मनाई आहे. योग्य मार्ग साधा आहे: केबल काढावी, पोर्टचे तोंड खाली करून फोन तळहातावर हलके आपटावा आणि हवा खेळती असेल अशा कोरड्या जागी तसाच ठेवावा. किमान अर्धा तास थांबून मग पुन्हा प्रयत्न करावा. सूचना पुन्हा आली, तर आणखी वाट पाहावी. पूर्ण कोरडे व्हायला २४ तासही लागू शकतात. दरम्यान फोनला वायरलेस चार्जिंगची सोय असेल आणि पाठ कोरडी असेल, तर ती वापरता येते. काहीही ओले झालेले नसताना ही सूचना वारंवार येत असेल, तर पोर्टमध्ये जमलेली धूळ किंवा गंज ओलावा म्हणून ओळखला जात असण्याची शक्यता असते; मात्र तसे ठरवण्याआधी दुसरी केबल लावून पाहावी, कारण कधी ओलावा केबलच्या प्लगमध्येच असतो.

बरेच दिवस ड्रॉवरमध्ये पडून राहिलेला फोन चार्जिंगला लावल्यावर पडदा काळाच राहतो आणि तो ‘डेड’ समजून टाकून दिला जातो. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरल्यावर ४.२ ते ४.४५ व्होल्टच्या आसपास असते. ती साधारण ३ व्होल्टच्या खाली गेली, की चार्जिंगची आयसी तिला एकदम पूर्ण प्रवाह देत नाही. नेहमीच्या प्रवाहाच्या सुमारे दहाव्या भागाएवढा प्रवाह देऊन तिला आधी सुरक्षित पातळीवर आणते. या काळात पडदा उजळण्याइतकीही वीज नसते. म्हणून असा फोन चांगल्या चार्जरवर अर्धा ते एक तास हात न लावता ठेवावा, दर मिनिटाला बटण दाबून पाहू नये. त्यानंतरही काही दिसले नाही, तर जबरदस्तीने पुन्हा सुरू करण्याची पद्धत वापरावी. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये पॉवर आणि आवाज कमी करण्याचे बटण एकत्र काही सेकंद दाबून धरावे लागते. बॅटरी फार काळ अगदी खालच्या पातळीवर राहिली असेल, तर तिच्या आतील तांब्याचा पत्रा विरघळू लागतो आणि अशी बॅटरी पुन्हा चार्ज करणे धोक्याचे असते. बाहेरून थेट वीज देऊन ती ‘उठवण्याचे’ प्रयोग कोणी करू नयेत, आणि कोणी करून देतो म्हणाले, तरी करू देऊ नयेत.

चिन्ह दिसते पण टक्के वाढत नाहीत, या तक्रारीत अनेकदा काहीच बिघडलेले नसते. येणारी वीज खर्चाला पुरत नसते. संगणकाच्या साध्या यूएसबी २.० पोर्टमधून ०.५ ॲम्पिअर म्हणजे २.५ वॅट मिळतात. ५,००० मिलिॲम्पिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे १९ वॅट-तास ऊर्जा मावते. वाटेत वाया जाणारी वीज धरली, तर फोनला हात न लावतासुद्धा तो अशा पोर्टवर भरायला आठ तासांहून अधिक काळ लागेल. आणि त्याच वेळी पडदा पूर्ण उजेडात, नकाशा किंवा हॉटस्पॉट चालू असेल, तर खर्च जमेपेक्षा जास्त होऊन टक्के उतरतात. ॲडॉप्टरवर ‘आउटपुट’ या शब्दापुढे व्होल्ट आणि ॲम्पिअर छापलेले असतात, त्यांचा गुणाकार म्हणजे वॅट. एका कंपनीच्या स्वतःच्या जलद पद्धतीचा चार्जर दुसऱ्या कंपनीच्या फोनला लावला, तर दोघांची भाषा जुळत नाही आणि चार्जिंग अनेकदा ५ व्होल्टच्या मूळ पातळीवर राहते. त्याने फोन बिघडत नाही. फक्त वेळ लागतो. खात्री करून घ्यायची असेल, तर फोन बंद करून चार्जिंगला लावावा; बंद असताना टक्के नीट वाढत असतील, तर दोष हार्डवेअरमध्ये नाही, चालू ॲप किंवा अपुऱ्या चार्जरमध्ये आहे.

ठरावीक टक्क्याला थांबण्याची तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आधी सेटिंग्ज उघडायला सांगतो. बॅटरीचे आयुष्य वाढावे म्हणून ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची किंवा उरलेला भाग आपल्या उठण्याच्या वेळेपर्यंत लांबवण्याची सोय आता सर्रास असते. आयफोनमध्ये ती २०१९ च्या आयओएस १३ पासून आहे. दुसरे कारण तापमान. साधारण ४५ अंश सेल्सिअसच्या वर फोन चार्जिंग कमी करतो किंवा थांबवतो, आणि शून्याच्या खाली चार्ज केल्यास बॅटरीच्या आत धातुरूप लिथियम साचून ती असुरक्षित होते, म्हणून तेव्हाही तो नकार देतो. कव्हर काढून, फोन सावलीत ठेवून, खेळ किंवा व्हिडिओ बंद करून वाट पाहावी. लवकर थंड व्हावा म्हणून तो फ्रीजमध्ये ठेवू नये, कारण बाहेर काढल्यावर आतच दव धरते.

वायरलेस चार्जिंगची सोय असलेल्यांच्या हाती निदानाचे एक चांगले साधन आहे. केबलने चार्ज न होणारा फोन पॅडवर ठेवल्यावर चार्ज होत असेल, तर बॅटरी चार्ज होण्याच्या स्थितीत आहे आणि दोष पोर्ट व त्याच्या मार्गात आहे. पॅडवरही होत नसेल, तर जाड किंवा धातूचे कव्हर काढून आणि फोन मधोमध सरकवून पुन्हा पाहावे.

आणि आता बॅटरी. आपल्या मजकुरात शेवटचा उपाय म्हणून ती बदलायला सांगितले आहे, पण जुनी झालेली बॅटरी सहसा चार्ज व्हायला नकार देत नाही. उलट तिची धारणशक्ती घटलेली असल्यामुळे ती लवकर भरलेली दिसते आणि लवकर उतरते; २०-३० टक्के दाखवत असताना फोन अचानक बंद पडतो, टक्के उड्या मारतात. ही लक्षणे असतील, तर बॅटरी अवश्य बदलावी. केवळ चार्जिंग सुरू होत नाही म्हणून बदलली, तर खर्च होतो, फोन उघडला जातो आणि तक्रार तशीच राहते. अपवाद फुगलेल्या बॅटरीचा. फोनची पाठ किंवा पडदा एका बाजूने उचलला गेला असेल, सपाट टेबलावर फोन डुगडुगत असेल, तर त्याच क्षणी चार्जिंग बंद करावे, फोन बंद करून पेट घेणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवावा, दाबून पाठ बसवण्याचा प्रयत्न करू नये, बॅटरीला टोचू नये आणि ती घरच्या कचऱ्यात टाकू नये. या बाबतीत घरगुती उपायांना मुळीच जागा नाही.

घरी करता येणारे सारे करून झाल्यावर फोन दुरुस्तीला द्यावा लागला, तर आपण केलेल्या चाचण्या सांगाव्यात: कोणता चार्जर, कोणती केबल, प्लग उलटा केल्यावर काय झाले, वायरलेसवर काय झाले, फोन ओला झाला होता का. शेवटची गोष्ट संकोचाने लपवली जाते आणि त्यामुळेच निदान चुकते. स्क्रीनच्या कुलपाचा पासवर्ड सांगण्याऐवजी फोनमध्ये दुरुस्तीसाठीचा खास मोड असेल, तर तो चालू करून द्यावा. दुरुस्ती करणाऱ्याने फोन उघडण्याआधी यूएसबी मीटर लावून किती व्होल्ट आणि किती ॲम्पिअर जात आहेत, हे आपल्यासमोर पाहावे, असा आग्रह धरावा. मीटरवर प्रवाह शून्य असेल, तर दोष बहुधा पोर्टमध्ये किंवा त्याला बोर्डाशी जोडणाऱ्या पट्टीत असतो; प्रवाह जात असूनही टक्के वाढत नसतील, तर बॅटरीकडे किंवा बोर्डाकडे पाहावे लागते. बऱ्याच फोनमध्ये पोर्ट हा खालच्या बाजूच्या वेगळ्या छोट्या बोर्डावर असतो आणि तो बोर्ड बदलणे हे सोपे काम आहे. काहींमध्ये तो मदरबोर्डलाच जोडलेला असतो आणि तिथे कुशल हात लागतो. आपल्या फोनमध्ये यांपैकी काय आहे, हे आधी विचारून घ्यावे, म्हणजे मदरबोर्ड गेला असे ऐकून घाबरून जाण्याची वेळ येणार नाही. काढलेला जुना भाग परत मागावा आणि उघडलेली पाठ नव्या सीलने बंद केली का, हेही विचारावे, कारण जुने सील एकदा निघाले की पाण्यापासूनचे संरक्षण उरत नाही. काम झाल्यावर तोच मीटर आणि तीच केबल पुन्हा लावून आकडे पाहावेत, प्लग दोन्ही बाजूंनी घालून पाहावा आणि मगच फोन ताब्यात घ्यावा.

आपला विश्वासू,
मोबाइल दुरुस्ती करणारा एक वाचक